वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जन कसा निवडावा?

निपाणीजवळच्या एका गावचा, सध्या पुण्यात नोकरी करणारा मुलगा आईविषयी विचारतो आहे. आईचे वय ५२ वर्षे, उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन १०६ किलो आहे. नऊ वर्षांपासून मधुमेह असून वर्षभरापासून रात्रीचे इन्सुलिन सुरू आहे. शिवाय बीपीची गोळी, गुडघेदुखी, मोठ्याने घोरणे आणि रात्री घशाशी येणारे आंबट पाणी हे सारे आहेच. पुण्यातील एका केंद्राने व्हिडिओ कॉलवर रिपोर्ट पाहून ‘स्लीव्ह’चे, म्हणजे पोटाचा मोठा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेचे, पॅकेज देऊ केले आहे, कोल्हापूरचे मामा तिथल्या एका सर्जनचे नाव सुचवतात, आणि बेळगावच्या एका रुग्णालयात महिन्यातून एकदा बाहेरगावचे सर्जन येऊन हीच शस्त्रक्रिया करतात. यांतला योग्य सर्जन कोण, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचे कसे, असा त्याचा प्रश्न आहे.

उत्तर देणारा मी सर्जन नाही, भूलतज्ज्ञ आहे. बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात आणि प्रसंगी कोल्हापुरापर्यंत अनेक सर्जनांबरोबर काम केल्यामुळे टेबलाच्या डोक्याकडून जे दिसते ते मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. तरीही मी कोणाचे नाव सुचवणार नाही, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सर्जनच्या हातात असले तरी उरलेले अर्धे तुमच्या गावापासून त्याच्या रुग्णालयापर्यंतच्या रस्त्यात आहे, आणि ते तुम्हालाच तपासावे लागेल.

आईला शस्त्रक्रियेची गरज आहे का, हे आधी थोडक्यात पाहू. दिलेल्या आकड्यांवरून तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, ४६ च्या जवळ येतो. १९९१ च्या जुन्या अमेरिकी निकषांनुसार ४० च्या पुढे, किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५ च्या पुढे, शस्त्रक्रियेचा विचार केला जात असे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली आणि आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत नेली. म्हणजे कोणत्याही मोजमापाने आई पात्र आहे. मार्च २०२५ पासून भारतात टिर्झेपॅटाइडसारखी आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. ती उपयोगी आहेत, पण बंद केली की वजन बहुधा परत चढते, आणि ४६ च्या बीएमआयला अजून तरी शस्त्रक्रियेचा परिणाम अधिक आहे. मात्र या इंजेक्शनांचा विषयच न काढणाऱ्या सर्जनने सगळे पर्याय तुमच्यासमोर मांडलेले नाहीत, असे समजा.

आता मुख्य मुद्दा. स्लीव्हमध्ये पोटाची सुमारे तीन चतुर्थांश पिशवी स्टेपलरने कापून बाहेर काढतात, तर बायपासमध्ये पोटाची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडतात. दोन्हींत सर्वांत धास्तीची गोष्ट म्हणजे टाक्यांच्या रेषेतून होणारी गळती, जिला आम्ही ‘लीक’ म्हणतो. अनुभवी हातांत ती शंभरात एखाद्यालाच होते, पण होते तेव्हा रुग्ण बऱ्याचदा घरी पोहोचलेला असतो. तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान नाडी १२० च्या वर जाऊन तिथेच टिकते, थोडा ताप येतो, डाव्या खांद्यात दुखते, रुग्ण अस्वस्थ होतो. आणि पोट मात्र मऊच असते, कारण लठ्ठ माणसाच्या पोटावर हात ठेवून आतले फारसे कळत नाही. गावातले डॉक्टर प्रामाणिकपणे अ‍ॅसिडिटीचे इंजेक्शन देतात आणि सकाळपर्यंत थांबायला सांगतात. त्या रात्रीत जे बारा तास जातात, त्यांवर पुढे आठ दिवसांचा मुक्काम होणार की दोन महिन्यांचा, हे ठरू शकते.

म्हणून सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न असा: आठव्या दिवशी रात्री दोन वाजता आईची नाडी वाढली, तर आम्ही कोणाला फोन करायचा, तो कोण उचलणार, आणि तिला कुठे आणायचे? आपल्या सीमाभागात हा प्रश्न दोन्ही बाजूंनी अडतो. महिन्यातून एकदा येणारे सर्जन शनिवारी चार शस्त्रक्रिया करून रात्रीच्या गाडीने परत जातात. ते कितीही निष्णात असले तरी सोमवारी रात्री वॉर्डात त्यांच्या जागी कोण असते आणि त्या माणसाने स्वतः अशी गळती कधी हाताळली आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुण्याच्या मोठ्या केंद्रात चोवीस तास माणसे असतात, पण आई चौथ्या दिवशी निपाणीला परतली की केंद्र आणि ती यांच्यात पाच-सहा तासांचा महामार्ग उभा राहतो. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडचे रुग्ण तर पावसाळ्यात बेळगाव गाठतानाच मेटाकुटीला येतात. त्यांना मी जुलै-ऑगस्टमध्ये शस्त्रक्रियेची तारीख घेऊच नका असे सांगतो.

या प्रश्नाचे उत्तर सर्जन कसे देतो, ते नीट ऐका. ‘माझ्याकडे असे होत नाही’ हे उत्तर मिळाले, तर त्याने पुरेशा शस्त्रक्रिया केलेल्या नाहीत किंवा तो तुम्हाला पूर्ण सांगत नाही. चांगला सर्जन आपल्या गळतीचा, रक्तस्रावाचा, पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्याचा आकडा स्वतःहून सांगतो, आणि रुग्णालयात रात्री सीटी स्कॅन होतो का, गळती झाकणारी जाळीची नळी (स्टेंट) घालू शकणारे एंडोस्कोपीतज्ज्ञ आहेत का, रक्तपेढी किती दूर आहे, हेही त्याला तोंडपाठ असते. त्या सीटी मशीनचे टेबल किती वजन पेलते, असेही विचारा. तुमच्या आईला अडचण येणार नाही, पण हा प्रश्न ऐकून कोणाच्या कपाळावर आठ्या पडतात, ते तुम्हाला कळेल.

धोका किती, तेही सांगून ठेवतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते, आणि आता अनुभवी केंद्रांत ते त्याहून कमी आहे. पण सरासरी सर्वांना सारखी लागू होत नाही. २०१३ मध्ये मिशिगन राज्यातील २० सर्जनांनी केलेल्या बायपासच्या चित्रफिती त्यांच्याच क्षेत्रातील इतर सर्जनांना, नावे झाकून, पाहायला दिल्या होत्या. हाताच्या सफाईत ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले, त्यांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के निघाले, आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत ५.२ टक्के. दुर्बिणीच्या पडद्यावर जे दिसते ते खरोखरच पुढचे भाकीत सांगते. रुग्णाला हा पडदा दिसत नाही. आम्हाला रोज दिसतो.

उदाहरण द्यायचे तर स्लीव्ह करताना पोटाची नळी किती रुंद ठेवायची याच्या मापासाठी रुग्णाच्या तोंडातून एक जाड रबरी नळी आम्ही भूलतज्ज्ञच आत सरकवतो. तिच्या शिवाय पोटात रस काढण्याची बारीक नळी असू शकते, तापमान मोजणारी तार असू शकते. स्टेपलर दाबण्यापूर्वी काही सर्जन हात थांबवून विचारतात, ‘डॉक्टर, आत काय काय आहे?’ आणि मी मापाच्या नळीखेरीज सगळे बाहेर काढल्याचे मोठ्याने सांगेपर्यंत पुढे जात नाहीत. नळी स्टेपलरमध्ये सापडण्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. मग ते स्टेपलरचा जबडा मिटवून काही सेकंद तसाच धरतात, म्हणजे सुजलेली ऊती दबून टाके नीट बसतात, आणि मगच दाबतात. घड्याळाकडे पाहत भराभर दाबत जाणारेही असतात. म्हणून शक्य असेल तर त्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञाला किंवा ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरला एकच विचारा: तुमच्या सख्ख्या बहिणीची शस्त्रक्रिया असती, तर कोणाकडून करून घेतली असती? आपल्याकडे चार घरे सोडून कोणाची तरी पुतणी किंवा भाची बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेच्या दवाखान्यात सिस्टर असतेच. भिंतीवरच्या प्रशस्तिपत्रांपेक्षा हे उत्तर अधिक भरवशाचे असते.

पदव्यांविषयी फार लिहीत नाही. जनरल सर्जरीतील एमएस किंवा डीएनबी हा पाया आहे. त्यानंतर बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची, शस्त्रक्रिया कोणाच्या हाताखाली आणि किती काळ शिकली, ते विचारा, कारण वर्षभर पूर्णवेळ फेलोशिप आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा या दोन्हींची अक्षरे नावापुढे सारखीच दिसतात. नोंदणी कर्नाटक किंवा महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या यादीत पाहता येते, आणि कर्नाटकातील खासगी रुग्णालयाला २००७ च्या कायद्याखालील नोंदणी लागते. संघटनेचे सभासदत्व म्हणजे कौशल्याचा दाखला नव्हे. संख्येचे म्हणाल, तर बायपास सफाईने करू लागण्याआधी सर्जनच्या हातून साधारण शंभरेक शस्त्रक्रिया व्हाव्या लागतात असे मानले जाते, आणि अमेरिकेतील मानांकनात मोठ्या केंद्राकडून वर्षाला स्टेपलर वापरून केलेल्या, म्हणजे स्लीव्ह-बायपाससारख्या, किमान ५० शस्त्रक्रियांची अपेक्षा असते. मात्र ‘आमच्या टीमने पाच हजार केल्या’ यातील टीम कोण, आणि आईच्या पोटाला हात लावणारा माणूस त्यांतल्या किती शस्त्रक्रियांत मुख्य होता, हे वेगळे विचारावे लागते.

पहिल्या भेटीत ओपीडीत बसल्याबसल्या बरेच काही दिसते. लठ्ठ दंडाला नेहमीचा पट्टा बांधला की बीपी खोटे वाढलेले दिसते, त्यासाठी रुंद पट्टा लागतो. आईचे बीपी मोजताना सिस्टरने तो शोधून आणला का? बाहेर हात नसलेल्या, भक्कम खुर्च्या आहेत का? वजनकाटा सर्वांच्या देखत कॉरिडॉरमध्ये आहे की आत? जे रुग्णालय इतक्या साध्या गोष्टींची तयारी ठेवत नाही, त्याने थिएटरमधले टेबल, पायांत रक्त साकळू नये म्हणून घालायचे मोठ्या आकाराचे मोजे आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या इंजेक्शनांचा वजनानुसार डोस यांचा विचार केला असेल, अशी आशा मी तरी धरत नाही. माझ्या शाखेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईचे घोरणे. तिला झोपेत श्वास अडकण्याचा आजार असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो माहीत नसताना भूल दिली तर पहिली रात्र धोक्याची जाते. ज्या सर्जनने झोपेची तपासणी सांगितली आहे, गरज पडल्यास शस्त्रक्रियेआधी काही आठवडे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप मशीनची सवय करून घ्यायला लावली आहे आणि भूलतज्ज्ञाची भेट शस्त्रक्रियेच्या सकाळी न ठेवता आधीच ठरवली आहे, त्याच्या बाजूने माझे मत पडेल.

कोणती शस्त्रक्रिया, या प्रश्नावर पुण्याच्या त्या व्हिडिओ कॉलबद्दल मला स्पष्ट लिहिलेच पाहिजे. रात्री घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याची तक्रार असलेल्या रुग्णाला एंडोस्कोपी न करता स्लीव्ह सुचवणे घाईचे आहे. स्लीव्हनंतर पोटातला दाब वाढून ही तक्रार बऱ्याच जणांत वाढते, तर बायपासने ती सहसा कमी होते, आणि मधुमेहावरही बायपासचा परिणाम थोडा सरस आहे. एंडोस्कोपी पाहून कोणी विचारपूर्वक स्लीव्हच सुचवेलही. पण प्रत्येक रुग्णाला एकच शस्त्रक्रिया सांगणारा सर्जन बहुधा त्याला जे येते तेच सांगत असतो. मधुमेह कायमचा जाईल असे कोणी म्हटले, तर तिथून उठा. नऊ वर्षांचा मधुमेह आणि सोबत इन्सुलिन असताना औषधे कमी होण्याची आशा चांगली आहे, पूर्ण सुटण्याची तितकी नाही, आणि सुटली तरी काही वर्षांनी मधुमेह परतू शकतो. वजनाचेही तसेच आहे. स्लीव्हने एकूण वजनाच्या सुमारे २५ टक्के आणि बायपासने ३० टक्के उतरते, म्हणजे आई वर्ष-दीड वर्षात ७५ ते ८० किलोच्या आसपास येईल. पंचावन्न किलोचे आश्वासन देणारा जाहिरात करतो आहे.

निपाणी म्हणजे तंबाखूचा मुलूख, म्हणून आणखी एक गोष्ट विचारतो: आई मिसरी लावते का? ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की आपल्याकडच्या बायका मान हलवून नाही म्हणतात, आणि ते त्यांच्या लेखी खरेही असते, कारण मिसरी म्हणजे दात घासणे. पण हिरडीवाटे जाणारे निकोटिन तेच असते, आणि बायपासनंतर पोट-आतड्याच्या जोडावर व्रण होऊन तो फुटण्यामागे ते मोठे कारण असते. शस्त्रक्रियेच्या किमान दीड महिना आधी मिसरी बंद व्हायला हवी आणि नंतरही सुरू होता कामा नये. जो सर्जन किंवा ज्याची आहारतज्ज्ञ ‘दात कशाने घासता?’ असे विचारते, त्यांना आपली माणसे माहीत आहेत, एवढे समजायला हरकत नाही.

आहारतज्ज्ञाची परीक्षाही अशीच घ्या. हातात दिलेल्या छापील तक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली असेल, तर तो कागद चार दिवसांत चुलीमागे जाईल. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचे अन्न हा क्रम सर्वत्र सारखाच आहे. पण त्यात ताक, मुगाचे वरण, पिठले, अंडे आणि पुढे आमटीत कुस्करलेली जोंधळ्याची भाकरी बसवून दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रथिने कशी भरायची, हे सांगता आले पाहिजे. संकष्टी-एकादशीचे काय करायचे, हेही विचारा. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, आणि बायपासनंतर कुंद्याचा मोठा घास किंवा गोडमिट्ट चहा पोटात गेला की घाम, धडधड आणि चक्कर येऊ शकते.

त्यापुढची काळजी आयुष्यभराची आहे, आणि ती प्रत्यक्षात गावच्या डॉक्टरांकडे येते. म्हणून चांगला सर्जन त्यांच्या नावे पत्र देतो. त्या पत्रात तीन गोष्टी असायलाच हव्यात. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कायमचे चालू ठेवायचे आणि पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी, नंतर दरवर्षी रक्त तपासायचे, ही पहिली. गुडघे दुखले म्हणून बायपासच्या रुग्णाला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन द्यायचे नाही, ही दुसरी, आणि आपल्याकडे ती पाळणे सर्वांत कठीण आहे. तिसरी बहुतेकांना ठाऊक नसते: शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सारख्या उलट्या होत असतील, तर नुसती ग्लुकोजची बाटली लावायची नाही, आधी थायमिन म्हणजे बी-१ द्यायचे, कारण ते संपलेले असताना ग्लुकोज दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पैशांचे बोलणे आधीच लेखी करून घ्या. पॅकेजमध्ये गुंतागुंत, आयसीयू आणि दुसरी शस्त्रक्रिया धरली आहे का, हा एकच प्रश्न बहुतेक पॅकेजांची खरी किंमत उघडी करतो. स्वस्त दराचे कारण अनेकदा स्टेपलरमध्ये असते. ही उपकरणे एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असतात, आणि वापरलेल्या प्रत्येक कार्ट्रिजचे (स्टेपलरमध्ये बसवायच्या टाक्यांच्या पट्टीचे) चिकटपत्र तुमच्या फाइलमध्ये लावून द्यावे, अशी मागणी करण्यात काही वावगे नाही. विमा असेल तर २०१९ च्या विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, किंवा ३५ किंवा त्याहून अधिक असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार असे ठरावीक गंभीर आजार असल्यास आणि साधे उपाय फसलेले असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली ही शस्त्रक्रिया लठ्ठपणाच्या सरसकट अपवादातून सुटते. मात्र पॉलिसीचा प्रतीक्षाकाल संपला आहे का, ते पाहून पूर्वमंजुरी हातात घ्या. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर ते आदल्या दिवशी घरी आणून आईला मराठीत समजावून सांगा. सही तिची असणार आहे.

तुमच्या तीन पर्यायांपैकी, वरच्या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर मी कोल्हापूरचा पर्याय आधी पाहीन, कारण निपाणीहून तो चाळीस किलोमीटरवर आहे आणि सर्जन तिथेच राहतो. बेळगाव साधारण दुप्पट लांब असले तरी तेही आवाक्यातले आहे, पण महिन्यातून एकदा येणाऱ्या सर्जनच्या जोडीला तिथेच राहणारा, ही शस्त्रक्रिया स्वतः करणारा दुसरा सर्जन नसेल, तर मी थांबेन. पुणे तेव्हाच, जेव्हा तुम्ही आईला शस्त्रक्रियेनंतर महिनाभर स्वतःजवळ ठेवू शकाल. तसे ठरले, तर व्हिडिओ कॉलवर पक्के झालेले स्लीव्ह बाजूला ठेवा, एंडोस्कोपी आणि झोपेची तपासणी करून आईसह समक्ष भेटा, आणि निपाणीच्या तुमच्या डॉक्टरांचा नंबर त्या सर्जनच्या केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.